‘दिवेकर’ : बेने इस्रायलांचें एक आडनांव

कोंकणांतील जुन्या कागदांत ‘दिवेकर’ हें आडनांव आढळलें कीं, वाचक तें सहज चित्पावनांचें समजतो. परंतु हेंच आडनांव बेने इस्रायल या यहुदी समाजांतही रूढ आहे. त्याची व्युत्पत्ति सरळ आहे. ‘दिवे’ या ग्रामनामास रहिवासवाचक ‘कर’ प्रत्यय लागून ‘दिवे येथील राहणारा’ असा अर्थ होतो. किहीमवरून किहीमकर, नवगांववरून नवगांवकर हीं आडनांवें याच रीतीचीं होत. अलिबागेजवळील नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले, अशी या समाजाची परंपरा आहे. ते तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत.

तात्पर्य, असें आडनांव मूळ गांव सांगतें. धर्म अथवा जाति सांगत नाहीं. ती ठरवावयाची तर व्यक्तिनामाकडे पाहिलें पाहिजे. तेथेंही सावधगिरी हवी. कारण हिब्रू नांवांस मराठी वळण लागलेलें असे. १७९६ मध्यें मुंबईंत बेने इस्रायलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हेच ‘सामाजी हसाजी दिवेकर’ या नांवानेंही प्रसिद्ध आहेत. पहिल्या रूपांतील यहुदी ओळख दुसऱ्यांत पार झांकून जाते.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, केवळ आडनांवावरून कागदाची वर्गवारी करूं नये. पूर्ण नांव, गांव व धंदा हीं तिन्ही जशींच्या तशीं टिपून ठेवावीं. नाहींतर एका समाजाचे कागद दुसऱ्याच्या दप्तरांत कायमचे हरवतील.