जुन्या लाकडाचा न फिटलेला हिशेब

एखाद्या वस्तूची किंमत दुकानदाराला चुकती केली की व्यवहार पुरा झाला, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील घरांच्या मागील दारी असणारे लाकडी कट्टे या समजुतीला छेद देतात. तेथे त्यांना ‘डेक’ म्हणतात. काही काळापूर्वी न्यू जर्सीत धाकट्या बहिणीकडे राहण्याचा योग आला. तिच्या घराचा डेक १९८० च्या दशकातला. फळ्या तडकल्या होत्या, म्हणून तो मोडून नवा बांधायचे ठरले. कंत्राटदाराने नव्या डेकचा खर्च खिळ्यामोळ्यांसह मांडून दिला; जुन्या लाकडाचे काय करायचे, याविषयी त्याच्या कागदावर एक ओळही नव्हती. ‘‘दादा, थंडीत शेकोटीला होईल की ते,’’ बहीण सहज म्हणाली. शेजारच्या एका वृद्ध सुताराने मात्र त्यातली एक ढलपीही जाळू नका, असे निक्षून सांगितले.

सुताराचे म्हणणे शब्दशः खरे होते. हे लाकूड बंद पोलादी नळकांड्यात ठेवून, आतली हवा काढून घेऊन, मोठ्या दाबाखाली त्यात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे द्रावण भरलेले असते. तांब्याने बुरशी रोखली जाते, आर्सेनिकने वाळवी, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्के धरून ठेवते. या मिश्रणाचा शोध १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने लावला, हे आपल्याकडेही फारसे कोणाला ठाऊक नाही. शोध मोलाचाच होता. लाकूड दशकानुदशके टिकले म्हणजे तितकी झाडे वाचतात. परंतु प्रचलित प्रमाण धरले तर अशा एक घनमीटर लाकडात सुमारे १.४ किलो आर्सेनिक असते, आणि लाकूड कुजले तरी आर्सेनिक कुजत नाही.

जाळल्याने तर ते मुळीच नाहीसे होत नाही. काही भाग धुरावाटे हवेत जातो, उरलेला राखेत साठतो. विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागातील आठ जणांच्या एका कुटुंबाची हकीकत १९८४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. घर उबदार ठेवण्यासाठी त्यांनी असेच लाकूड जाळले होते. तीन वर्षे घरातील सर्वांना केस गळणे, अंगावर पुरळ येणे, मज्जासंस्थेचे विकार होणे असा त्रास होत राहिला, आणि हिवाळा आला की तो वाढे.

म्हणून नियम साधे आहेत. हे लाकूड घरी जाळू नये. त्याचा भुसा वा चुरा बागेत पसरू नये, खतात घालू नये, जनावरांखाली अंथरू नये. कापायचेच असेल तर उघड्यावर, नाकातोंडावर पट्टी आणि हातांत मोजे घालून कापावे व भुसा गोळा करावा. मग ते वेगळे ठेवून, नगरपालिकेला विचारून, तळाशी अस्तर घातलेल्या कचराभूमीत पोचते करावे. नवे असताना या लाकडावर हिरवट झाक असते. जुने झाल्यावर ते साध्या लाकडासारखेच करडे दिसते. तेव्हा २००४ पूर्वीचा डेक असेल तर लाकूड विषारी आहे असे मानूनच चालणे शहाणपणाचे.

घरगुती कामांसाठी या लाकडाचे उत्पादन २००३ अखेर थांबले. परंतु जे आधीच घराघरांतून उभे होते, ते तसेच राहिले. टाकून दिलेल्या अशा लाकडाला अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी घातक कचऱ्याच्या व्याख्येतून सूट दिली आहे. व्याख्या बदलली म्हणून विष सौम्य होत नाही. फ्लोरिडात बांधकामाच्या टाकाऊ लाकडापासून केलेल्या, बागेत पसरायच्या चुऱ्यात संशोधकांना हेच आर्सेनिक सापडले. कॅलिफोर्नियाने मात्र २०२१ च्या कायद्याने हे लाकूड जाळण्यास बंदी घालून ते ठराविक कचराभूमीतच नेण्याचे बंधन घातले.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. विक्रेत्याच्या वा ग्राहकाच्या हिशेबात न येणारा खर्च समाजावर पडतो, हे पिगू यांनी १९२० मध्येच विस्ताराने मांडले होते. डेकच्या बाबतीत तो खर्च वीस-तीस वर्षे पुढे ढकलला गेला. लाकूड विकणाऱ्याने नफा घेतला, पहिल्या मालकाने उपभोग घेतला, आणि विल्हेवाट मात्र माझ्या बहिणीसारख्या तिसऱ्याच्या गळ्यात पडली. यावर ‘टाकणाऱ्याकडून शुल्क घ्या’ हा उपाय न्याय्य वाटतो. पण तो घातक ठरेल. कचराभूमीच्या दारात पैसे मोजावे लागले तर प्रामाणिक माणूस दंड भरतो आणि दुसरा रात्री शेकोटी पेटवतो. धुरावर पावती फाडता येत नाही.

त्यामुळे शुल्क घ्यायचे ते खरेदीच्या वेळी घ्यावे, आणि वस्तू परत आणणाऱ्याकडून ती विनामूल्य स्वीकारावी. वस्तू महाग होईल हा आक्षेप खरा आहे. परंतु ती महागच होती. फक्त किंमत दुसऱ्याच्या नावे लिहिलेली होती. जे लाकूड पूर्वीच विकले गेले, त्याचा भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलावा, कारण दूषित माती आणि आजारी माणसे यांचा खर्च अखेर तिच्यावरच येतो.

आपल्याकडे असे डेक नाहीत, म्हणून आपण निश्चिंत राहावे असेही नाही. क्रिओसोट पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर वखारींतून विकले जातात, आणि जुने लाकूड म्हटले की आपल्याला प्रथम बंब आणि चूलच आठवते. कामेसम यांच्या शोधाने लाकडाचे आयुष्य वाढवले. त्या आयुष्याच्या अखेरीची तरतूद करणे हे मात्र शास्त्रज्ञाचे नव्हे, समाजाचे काम होते.

बहिणीने ते लाकूड शेवटी चौकशी करून, दोन खेपा भाडे भरून योग्य ठिकाणी पोचवले. हे भाडे तिने कोणाच्या वतीने भरले, याचे उत्तर मात्र तिला कोणत्याही पावतीवर मिळाले नाही.