काळ्या कातळाची कच आणि सिमेंट

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दख्खनच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा कातळ बनला. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण हाच दगड बसवलेल्या रबल काँक्रीटचे आहे. रस्त्यांची आणि इमारतींची खडीही याच कातळातून येते. दगड क्रशरमध्ये फुटताना खडीबरोबर बारीक भुकटी पडते. तिला कच किंवा डस्ट म्हणतात. खाणींभोवती तिचेच ढीग साचतात.

ही कच सिमेंटच्या भट्टीत कितपत चालते, हे तिच्या घटकांवर ठरते. चुनखडी आणि माती एकत्र दळून सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकर तयार होतो. त्यात चुन्याचा अंश ६५ टक्क्यांच्या आसपास लागतो. बेसॉल्टमध्ये तो जेमतेम १० टक्के असतो. त्यामुळे चुनखडीची जागा कच घेऊ शकत नाही. माती आणि लोहासाठी घातला जाणारा जांभा मात्र ती बऱ्याच अंशी वाचवते, कारण बेसॉल्टमध्ये जवळपास निम्मी सिलिका असते आणि अॅल्युमिना व लोहही भरपूर असते. लोहामुळे भट्टीतला माल लवकर वितळू लागतो. शिवाय शुद्ध चुनखडीच्या दर टनामागे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. कातळातला चुना कार्बोनेट रूपात नसल्याने त्यातून हा वायू निघत नाही. लोह आणि मॅग्नेशिया प्रमाणाबाहेर गेले तर मात्र सिमेंटची प्रत बिघडते, म्हणून कच थोडीच घालता येते.

क्लिंकर दळून सिमेंट करताना त्यात मिसळायला कचेपेक्षा कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अॅश, सरस ठरते. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश चालते, कारण झटकन थंड झालेले तिचे कण काचेसारखे असतात आणि चुन्याशी संयोग पावतात. बेसॉल्ट सावकाश थंड होऊन स्फटिकमय झालेला असल्याने त्याची भुकटी तितकी क्रियाशील नसते.

अंतराचाही प्रश्न आहे. सिमेंटच्या भट्ट्या चुनखडीजवळ उभ्या राहतात: बागलकोट, कलबुर्गी, चंद्रपूर. कमी किमतीची कच तिथवर नेणे परवडत नाही. त्यामुळे सातारा-सांगलीत तिचा मोठा उपयोग सिमेंटमध्ये नव्हे, तर सिमेंटसोबत होतो. चाळून, धुऊन तिची क्रश सँड बनते. आयएस ३८३ या मानकानुसार दगड फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गळणारा भाग २० टक्क्यांपर्यंत चालतो. भुकटी याहून जास्त झाली की काँक्रीटला पाणी अधिक लागते आणि ताकद घटते. प्रमाण राखले तर हीच कच नदीतल्या वाळूची जागा घेते आणि कृष्णा-कोयनेच्या पात्रातला उपसा तेवढा टळतो.