गाळ्यावाचून धंदा

श्रोतेहो, जून महिना उजाडला की खेड्यापाड्यांतल्या घरांत एकच हिशेब सुरू होतो. एकीकडे पेरणीचं बी-बियाणं आणि खत, दुसरीकडे मुलांच्या वह्या, गणवेश, तालुक्याच्या कॉलेजची फी आणि खाणावळ. दोन्ही खर्च एकाच पिशवीतून व्हायचे, आणि ती पिशवीही अर्धीच भरलेली. अशा वेळी घरातली एखादी शहाणी मुलगी किंवा मुलगा गुरुजींकडे येतो आणि विचारतो, "गुरुजी, शिकता शिकता काही धंदा करावा म्हणतो. पण गाळा नाही, आणि भांडवल म्हणाल तर पाच-सातशे रुपये. जमेल का?"

या प्रश्नाला नुसतं "आधी शिक्षण पुरं कर" असं उत्तर देऊन भागत नाही. पैशावाचून शिक्षण अडतं, म्हणूनच तर तो विचारायला आलेला असतो. म्हणून आज याच प्रश्नाचा आपण नीट विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, गाळा नाही हे दुःख मानायचं कारण नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती बहुतेक वेळा इष्टापत्तीच असते. समजा, एस्टी स्टँडसमोर एक गाळा दोन हजार रुपये भाड्याने मिळाला आणि एका नगामागे दहा रुपये सुटतात. मग महिन्याचे पहिले दोनशे नग तुम्ही घरमालकासाठी विकले. दोनशे एकाव्या नगापासून तुमची कमाई सुरू. अनामत रक्कम आणि विजेचं बिल वेगळंच. शिवाय तुम्ही वर्गात बसलेले असताना, परीक्षेला गेलेले असताना, तापाने अंथरुणावर पडलेले असतानाही भाडं चालूच राहतं. दिवसाला दोन तास मोकळे असणाऱ्या माणसाने चोवीस तास चालणारा खर्च गळ्यात बांधून घेऊ नये. भांडवल थोडं असेल तर ते मालात आणि हत्यारांत घालावं, भिंतींत घालू नये.

मग धंदा करायचा कुठे? तर आठवड्याच्या बाजारात, गिऱ्हाइकाच्या दारात, आपल्या परसात नाही तर घराच्या ओसरीवर. मोठमोठ्या उद्योगांनी असाच श्रीगणेशा केलेला आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात गृहिणी आपल्या इमारतीच्या गच्चीवर जमल्या. त्यांच्याजवळ उसने घेतलेले ऐंशी रुपये होते. त्यांनी पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. हीच पुढे 'लिज्जत पापड' म्हणून घरोघर पोचलेली संस्था. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. तेव्हा त्या बायांनी रडत न बसता दुसऱ्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, असं करून पावसातही काम चालू ठेवलं. पुढे संस्था वाढली तरी लाटणं बहुतांशी घरोघरच राहिलं. केंद्रावरून भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं आणि पापड परत आणून द्यायचे. म्हणजे धंदा मोठा झाला, पण प्रत्येकीला वेगळा गाळा काही लागला नाही.

आणि शिकता शिकता कमावणं हे तर आपल्या मातीला नवं नाहीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथे सर्व जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे त्यांनी नुसतं भाषणात सांगितलं नाही, करून दाखवलं. संस्थेच्या बोधचिन्हात वडाचं झाड आहे. त्या झाडाखाली बसायला भाडं पडत नाही, हेही ध्यानात घ्या!

आता धंदा निवडताना मनाला चार प्रश्न विचारावेत. रोजच्या दोन तासांत हे काम बसेल का? माल चार दिवस विकला गेला नाही तर नासेल का? गिऱ्हाईक पायी किंवा सायकलने गाठता येईल का? आणि घातलेले सगळे पैसे बुडाले, तर घरची चूल बंद पडेल का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होय' हवं. दुसऱ्या आणि चौथ्याचं 'नाही' हवं. या चाळणीतून उतरणारी तीन कामं सांगतो.

पहिलं काम पुस्तकबांधणीचं. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. पण नववीपासून पुढची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं, शाळेच्या वाचनालयातले फाटके ग्रंथ, देवळातल्या पोथ्या, ग्रामपंचायतीची दप्तरं यांना बांधणी लागतेच. सामान काय, तर दाभण, सुई, जाड दोरा, पुठ्ठा, कापडाची पट्टी आणि खळ. पुस्तकाच्या पाठीपासून पाव इंच आत दाभणाने तीन भोकं पाडावीत. मधल्या भोकातून दोरा घालून वरच्या आणि खालच्या भोकातून फिरवावा, पुन्हा मध्ये आणून गाठ मारावी. मग अस्तराचा कागद, दोन्ही बाजूंना पुठ्ठे, पाठीवर कापडाची पट्टी, आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवावं. खळ मैद्याची शिजवतात; कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा त्याचं भांडं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू देऊ नका, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. पहिली पाच पुस्तकं स्वतःची बांधा. ती वाकडी झाली तरी कोणी बोलणार नाही.

दुसरं काम सायकलच्या पंक्चरचं. पंप, पाने, पकड, टायर काढायच्या दोन पट्ट्या, घासायचा कागद, सोल्युशन आणि पॅच एवढं एका पिशवीत मावतं. दूरच्या वाडीवरून सायकलने शाळेत येणाऱ्या मुलींची चाकं वाटेत बसली की त्यांचा दिवस बुडतो. शाळा सुटताना वडाखाली बसणारा, किंवा निरोप येताच घरी जाऊन काम करून देणारा मुलगा त्यांना हवाच असतो. हात बसायला मात्र आधी एखाद्या जाणत्या कारागिराजवळ सुट्टीचा महिनाभर काढावा. फुकट शिकणं यात कमीपणा नाही.

तिसरं काम रोपांचं. यावर थोडं अधिक बोलतो, कारण परस बहुतेक घरांना असतं. शेवगा, कढीपत्ता, तुळस, जास्वंद ही रोपं गावात आणि तालुक्यालाही खपतात. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू एकत्र करून तळाला भोकं पाडलेल्या पिशव्या भराव्यात. शेवग्याचं बी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. त्याचं मूळ खोल जातं, म्हणून ते पिशवीतच लावावं, वाफ्यातून उपटून लावू नये. जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लावल्या की फुटतात. कढीपत्त्याची गोष्ट निराळी. त्याचं बी वाळवून डब्यात ठेवलं की त्याची उगवण लवकर जाते. पिकलेली काळी फळं मिळताच गर धुऊन बी ताजं ताजं पेरलं पाहिजे, आणि विक्रीची आशा पुढच्या वर्षी धरली पाहिजे. शेवग्याची पेरणी मार्च-एप्रिलमध्ये केली तर मृगाच्या पावसाला रोपं तयार असतात. उन्हाळ्यात त्यांना सावली आणि रोज पाणी हवं. तुम्ही गावाला जाणार असाल तर पाणी कोण घालणार, हे आधीच ठरवा.

आता हिशेब मांडून पाहू. समजा दोनशे पिशव्या भरल्या आणि पिशवी, खत, बी मिळून एकीला चार रुपये पडले. खर्च आठशे. चौथा हिस्सा रोपं मरणार, असं धरूनच चालावं. उरली दीडशे. पंधरा रुपयांप्रमाणे आले दोन हजार दोनशे पन्नास. बाजाराला नेण्या-आणण्याचं भाडं दोनशे. हाती राहिले साडेबाराशे. हे आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घाला. पण मेलेली पन्नास रोपं आणि वाहतूक हिशेबात धरायला विसरू नका. ती विसरतो त्याला कागदावर नफा दिसतो आणि खिशात सापडत नाही.

इथे एक इशारा देतो. फळझाडांची रोपं आणि कलमं विकायची असतील, तर रोपवाटिकेला कृषी खात्याचा परवाना लागतो. आधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करा. तसंच चटणी, लोणचं, लाडू असं काहीही खाण्याचं विकायचं झालं, तर व्यवसाय कितीही लहान असो, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते.

श्रोतेहो, धंदा न जमल्यामुळे जेवढे बुडतात, त्याहून अधिक उधारीने बुडतात. पुस्तकबांधणीचंच घ्या. एका पुस्तकाला वीस रुपयांचं सामान लागलं आणि मजुरीसह चाळीस घेतले. दहा पुस्तकं बांधली, पाच जणांनी रोख दिले, पाच जण म्हणाले, "देतो की, पळून जातोय का?" रोख आले दोनशे आणि सामानालाही लागले दोनशे. म्हणजे तुमचा सगळा नफा त्या पाच जणांच्या खिशात जाऊन बसला आणि तुम्ही दहा रात्री फुकट जागलात. खेड्यात काकाला, मामाला, पाटलाच्या वाड्याला नाही म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आधीच गोड बोलून सांगावं, "काका, सामान रोखीनं आणावं लागतं, तेवढे पैसे आधी द्या; मजुरी नंतर दिली तरी चालेल." असं म्हटलं तर नातंही तुटत नाही आणि भांडवलही बुडत नाही.

एक वही घाला. आलेले पैसे, गेलेले पैसे आणि येणं, असे तीन रकाने करा. मोबाइलवरून पैसे आले तरी त्याच रात्री वहीत लिहा. भांडवलाची पिशवी निराळी ठेवा आणि तिच्यातून चहासुद्धा पिऊ नका. नफ्याचे तीन भाग करा: एक फीसाठी, एक घरात, एक पुढच्या मालासाठी.

गुरुजनहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्याने मना आहे. शाळा सुटल्यावर घरच्यांच्या बिनधोक कामात त्याने हातभार लावला तर गोष्ट वेगळी, पण त्यापायी त्याचा अभ्यास बुडता कामा नये. अठरा वर्षं पुरी होईपर्यंत मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून कर्जाच्या कागदावर त्याची सही घेऊ नका, कोणाला घेऊही देऊ नका. आणि सर्वांत मोठा धोका नुकसानीचा नाही, फायद्याचा आहे. पोराच्या हातात पहिल्यांदा पाचशे रुपये खुळखुळले की त्याला वर्ग नीरस वाटू लागतो. घरही म्हणतं, "कमावतोय तर कमावू दे." अशी किती हुशार मुलं दहावीच्या उंबरठ्यावरून परत फिरली, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? म्हणून महिन्यातून एकदा त्याची धंद्याची वही आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून बघा. वहीतले आकडे वाढताना हजेरी उतरत असेल, तर त्याला जवळ बसवून काम कमी करायला लावा. परीक्षेआधीचे दोन महिने तर धंदा बंदच. गाळ्याचं भाडं नसल्यामुळे तो बंद ठेवायला एक पैसाही पडत नाही, हाच बिनगाळ्याच्या धंद्याचा सर्वांत मोठा फायदा.

तेव्हा गाळा मिळेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी गावात एक फेरी मारा, दहा घरी विचारा की तुमचं कोणतं काम अडून राहतं. त्या दहा उत्तरांतच तुमचा धंदा आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि सोमवारी वेळेवर शाळेत जा.