मोडण्यासाठी बांधलेली घरं

गोरेगावच्या चित्रनगरीत एखाद्या वाड्याच्या भिंतीवर टकटक केलं, तर आवाज पोकळ येतो. पुढून दगडी चिरे दिसतात. मागे गेलं की लाकडाचे टेकू, प्लायची उघडी पाठ आणि तिच्यावर सुताराने पेन्सिलीने टिपलेली मापं. तरी पडद्यावर तो वाडा खरा वाटतो. कारण कलादिग्दर्शक नुसती भिंत उभी करत नाही, तिथे कधीच न राहिलेल्या माणसांच्या खुणा तो तिच्यावर उमटवतो. देव्हाऱ्याच्या वर काजळी, चौकटीला सतत हात लागून मळलेला पट्टा, पावसाळ्यात झिरपलेल्या पाण्याचा ओघळ. परवा रंगवलेली भिंत चाळीस वर्षं जुनी करणं, हे मला या धंद्यातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत देखणं काम वाटतं.

आपल्याकडे हे काम कुंचला धरणाऱ्या हातांनी सुरू केलं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या फत्तेलालांनी ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे सेट उभे केले. ‘आवारा’तलं (१९५१) ढगांतलं स्वप्न उभारणारे एम. आर. आचरेकरही मुळात चित्रकारच. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई याच वाटेने आले.

देसाईंचा जन्म १९६५चा, दापोलीचा. जे. जे.त कलेचं शिक्षण झालं, फोटोग्राफीचा नाद होता. १९८७ साली ते ‘तमस’ मालिकेच्या सेटवर नितीश रॉय यांच्या हाताखाली चौथे सहायक म्हणून लागले. चौथ्या सहायकाच्या वाट्याला काय येतं? मापं घ्यायची, चोरबाजारातून जुन्या कड्या-कोयंडे शोधून आणायचे, कालच्या शॉटमध्ये तांब्या खिडकीच्या डावीकडे होता की उजवीकडे, हे लक्षात ठेवायचं. ‘तमस’ फाळणीत उठलेल्या घरांची गोष्ट सांगते. घरं सोडताना माणसं मागे काय ठेवून जातात, याचा विचार करायला लावणारी याहून कठोर शाळा कोणती असेल! मग दूरदर्शनची ‘चाणक्य’ मालिका आली. पंचविसाव्या भागापर्यंत ते सहायक होते, सव्विसाव्यापासून कलादिग्दर्शनाची जबाबदारी त्यांच्यावर आली.

बाहेरच्या माणसाला हे काम सजावटीचं वाटतं, पण त्याची सुरुवात पटकथेपासून होते. प्रसंग कुठे घडतो, पात्र कोणत्या दारातून येतं, त्याची ऐपत किती, हे आधी वाचून काढायचं. मग रेखाटन, नकाशा, छोटं मॉडेल, खर्चाचा अंदाज. त्यानंतर सुतार, मोल्डिंगवाले, रंगारी. कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा हवी म्हणून एखादी भिंत काढता येईल अशीच बसवतात. खिडकीबाहेरचं आकाश म्हणजे पूर्वी बहुतेक वेळा रंगवलेलं कापड असायचं, म्हणजे बॅकिंग. दैनंदिन मालिकेचं गणित आणखी वेगळं. तोच दिवाणखाना वर्षानुवर्षं रोज दिसणार, म्हणून त्यात प्रसंग घडवायला कोपरे भरपूर लागतात.

‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने (१९९४) देसाईंचं नाव झालं. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांना कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. लोक ‘देवदास’मधली पारोची रंगीत काचांची हवेली आठवतात. माझा कौल ‘लगान’ला. त्यातलं चंपानेर भुजजवळच्या कुनरियात उभं राहिलं, आणि तिथल्याच माणसांच्या हातून. मातीच्या भिंती लिंपायच्या कशा, हे त्या हातांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. कथा १८९३ची, पाऊस दडी मारून बसलेल्या गावाची. त्यामुळे भिंतींचा, अंगणाचा, टेकडीवरच्या देवळाचा रंगसुद्धा तहानलेला दिसावा लागतो, आणि तो तसा दिसतो. २००० साली चित्रीकरण आटोपलं आणि पुढच्याच २६ जानेवारीला भूकंपाने भुजचा सगळा परिसर उद्ध्वस्त केला. चित्रपट जूनमध्ये आला तेव्हा पडद्यावरच्या त्या घरांकडे बघताना काळजात चर्र व्हायचं.

त्याच २००० साली त्यांनी ‘कौन बनेगा करोडपती’चा सेट केला. साचा ब्रिटिश कार्यक्रमाचा होता. तिथे ना घर, ना दार-खिडकी. काळोखात बसलेले प्रेक्षक, मधोमध उजेडाचं वर्तुळ आणि त्यात समोरासमोर दोन खुर्च्या. एकट्या पडलेल्या माणसाची धडधड घरबसल्या जाणवावी, एवढंच त्या सेटचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं.

सेट उभा राहायला आठवडे लागतात, मोडायला दोन दिवस पुरतात. लाकूड पुढच्या सेटला जातं, पीओपीचा चुरा होतो. देसाईंना हे सलत असावं, असं त्यांची पुढची वाटचाल पाहून वाटतं. २००५ साली त्यांनी कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथे उभा राहिला. ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेची निर्मितीही त्यांनीच केली. पण टिकवायच्या सेटला रायगड जिल्ह्यातला पाऊस सोसायचा असतो, दर वर्षी डागडुजी लागते, शूटिंग नसलं तरी पहारा लागतो. कर्ज वाढत गेलं. २ ऑगस्ट २०२३ रोजी, अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, त्याच स्टुडिओत त्यांनी आयुष्य संपवलं. इतक्या मोठ्या कलावंताला आपला चित्रपट-उद्योग सावरू शकला नाही, याची खंत मला अजून आहे.

लालबागच्या राजाचा दरबार ते अनेक वर्षं सजवत आले होते. त्या वर्षीही गणपतीत तिथे त्यांच्याच कल्पनेतला देखावा उभा राहिला, शिवराज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षाचा. तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली माणसं पायाशी पोचल्यावर क्षणभर मान वर करून तो बघत होती. अनंत चतुर्दशी झाली आणि कारागीर मंडप उतरवायला लागले.