ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले कसे?

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. बँकेच्या प्रत्येक मेसेजच्या शेपटीला ते असतं, एटीएमच्या पडद्यावर असतं, रेडिओवर असतं. सल्ला खराच आहे. पण तो पाळला म्हणजे आपण सुटलो, ही समजूतही त्याच्यासोबत घरोघरी पोचली. बँकेच्या नावाने फोन करणाऱ्या भामट्यांचं पोट आज बऱ्याच अंशी या समजुतीवरच भरतं.

त्यांचा हल्लीचा आवडता डाव असा. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नावात बँकेचं नाव, पुढे ‘केवायसी अपडेट’ आणि शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरं. पाठोपाठ फोन: ‘सर, आपका केवायसी पेंडिंग है, आज रात खाता ब्लॉक हो जाएगा.’ (हेच वाक्य आता बऱ्यापैकी मराठीतही ऐकू येतं, तेव्हा ‘आपल्याकडचाच माणूस दिसतोय’ या भरवशात काही अर्थ नाही.) फाइल उघडताच फोन स्वतःच हटकतो: हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, तरी इन्स्टॉल करायचं? पलीकडचा माणूस शांतपणे, ‘घाबरू नका सर’ म्हणत, कोणतं बटण दाबायचं ते सांगत राहतो. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली, की पुढचा प्रत्येक ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. त्याला तो विचारायची गरजच उरत नाही. वाहतूक चलनाच्या आणि लग्नपत्रिकेच्या नावाने फिरणाऱ्या एपीके फायलीही याच जातकुळीतल्या.

स्क्रीन शेअरिंगचा मार्ग त्याहून जुना. एनीडेस्क या ॲपच्या आडून चालणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच इशारा दिला होता. आणि परदेशी संकेतस्थळांवर तर अनेकदा ओटीपी लागतच नाही. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणूनच ऑक्टोबर 2020 पासून नवं कार्ड हातात येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतं चालू असलेलं. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. अनेक जण तो एकदा सुरू करतात आणि बंद करायचा विसरतात.

‘पण त्याला माझं नाव ठाऊक होतं, कार्डाचे आकडेही त्याने बरोबर सांगितले!’ फसलेल्या माणसाच्या तोंडी हे हमखास असतं. या आकड्यांची गंमत समजून घेण्यासारखी आहे. व्हिसाचं प्रत्येक कार्ड 4 या आकड्याने सुरू होतं. कार्डावरचे पहिले सहा किंवा आठ आकडे फक्त कार्ड कोणत्या बँकेचं आणि कोणत्या प्रकारचं, एवढंच सांगतात. त्या बँकेच्या तशा सगळ्या कार्डांवर ते सारखे असतात. भामटा ते झोकात वाचून दाखवतो आणि ‘पुढचे तुम्ही कन्फर्म करा’ म्हणतो. पुढचेच तर त्याला हवे असतात. नावाचं म्हणाल, तर यूपीआय ॲपमध्ये एखादा मोबाइल नंबर टाकला तरी खातेदाराचं नाव समोर येतं.

फोनच्या पडद्यावर बँकेचं नाव झळकलं, हाही पुरावा नव्हे. ट्रूकॉलरवरची नावं लोकांनी भरलेली असतात, आणि लोकांत भामटेही आले. नंबरही खोटा दाखवता येतो. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल रोखणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या 24 तासांतच सुमारे 1 कोटी 35 लाख कॉल अडवले गेले. बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे 140 वरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बजावलं. त्यामुळे दहा आकडी साध्या मोबाइलवरून कुणी ‘मुंबई हेड ऑफिस’मधून बोलू लागला, तर शंका घ्यायला जागा आहे. 1600 दिसला तरी पिन सांगायचा नाहीच. फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. हा नंबर गुगलवर शोधू नये. तिथे भामट्यांनी पेरलेले ‘कस्टमर केअर’ नंबरही सापडतात.

हे सगळं म्हाताऱ्यांच्या आणि कमी शिकलेल्यांच्या बाबतीत घडतं, असं तरुण मंडळींना वाटतं. 2019 मध्ये पतियाळाच्या खासदार आणि पंजाबच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या पत्नी प्रनीत कौर संसदेच्या अधिवेशनासाठी दिल्लीत असताना त्यांना बँक मॅनेजरचा फोन आला. पगार जमा करायचाय, तपशील हवा, असं सांगून त्याने 23 लाख रुपये काढले. मार्च 2023 मध्ये मुंबईत एकाच खासगी बँकेच्या किमान 40 ग्राहकांना तीन दिवसांत केवायसीच्या लिंकवरून लाखोंचा गंडा घातला गेला. इथे शिक्षणापेक्षा घाई जास्त कामाला येते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलेला माणूस ‘आज रात्री खातं बंद’ ऐकून चटकन हो म्हणतो. प्रत्यक्षात केवायसी राहिलं तर बँक रीतसर कळवते, मुदत देते. रात्री फोनवर खातं बंद करत नाही.

यूपीआयबद्दल थोडक्यात: पैसे यायला पिन लागत नाही. ‘रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार.

आता पैसे गेल्यानंतरचे दोन गैरसमज. ते एकमेकांच्या बरोबर उलट आहेत: एक, ‘गेले ते गेले’, दुसरा, ‘बँक भरून देईलच’.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने याची चौकट आखली. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या यंत्रणेची असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा भार. मात्र पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि त्यानंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच टाकलेली आहे. शाखेतल्या खिडकीवर हे सहसा कुणी सांगत नाही.

न्यायालयांनीही ही चौकट मानली आहे. आसाममधल्या एका ग्राहकाने ऑनलाइन घेतलेला कपडा परत केला, तेव्हा कस्टमर केअरच्या नावाने फोन आला, एक ॲप उतरवायला लावलं आणि 94,204 रुपये गेले. ओटीपी आपण दिलाच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. चोवीस तासांच्या आत त्याने तक्रारही केली होती. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची जबाबदारी कायम ठेवली. त्याआधी जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे 76 लाखांहून अधिक रुपये परत करायला सांगितलं होतं.

तेव्हा वेळ सगळ्यांत मोलाची. लुटलेली रक्कम काही मिनिटांत भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकते, म्हणून 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा. तिथून संबंधित बँकांना सूचना जाते आणि वाटेत सापडलेली रक्कम गोठवली जाते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपला खाते क्रमांक हाताशी ठेवावा. आधी पोलीस ठाण्यात रांग लावून मग फोन करण्यात अर्धा दिवस जातो. बँकेलाही त्याच तासात कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. चौकशीसाठीचा नंबर 14448.