सहाव्या वर्षाची दाढ

‘दाताला कीड लागली’ असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे दातात खरोखरच एखादा किडा शिरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तसे काही नसते. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दातावरील टणक कवच झिजू लागते. ही झीज लाळ भरून काढते, परंतु त्यासाठी तिला उसंत मिळावी लागते. चांदनी पडव्याला सुरतेत घरोघर घारी खातात. वर्षातून एकदा खाल्लेल्या त्या मिठाईपेक्षा दिवसभर थोड्याथोड्या वेळाने चघळलेली गोळी किंवा घेतलेला गोड चहा दातांस अधिक घातक होय.

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाचा दवाखान्यात जाण्याने रोज बुडतो. म्हणून दुखणे असह्य होईपर्यंत दाताकडे दुर्लक्ष होते, आणि मग दात काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वेळीच गेल्यास लहानशी पोकळी बहुधा एकाच भेटीत भरता येते.

मुलांच्या बाबतीत एक चूक विशेष आढळते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. किडली तरी पडेल व दुसरी येईल, असे त्यांना वाटते. परंतु ती कायमची दाढ असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

उपाय साधे आहेत. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सातआठ वर्षांचे होईतो मुलाचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळास निजवू नये. मोठ्यांनी मिश्री कटाक्षाने टाळावी. ती तंबाखूच होय आणि तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गुजरातेत 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण मिश्रीची सवय घरातच मोडावी लागते.

2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. तीत किडलेले दातही पाहिले जातात व पुढील उपचारही मोफत मिळतात. सुरतेच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात, तसेच महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयातही दंतविभाग आहे. शाळेतून मिळालेली तपासणीची चिठ्ठी दप्तरात पडून राहू न देता पालकांनी मुलास तेथे न्यावे. मोफत उपचाराचा खरा लाभ दात दुखू लागण्यापूर्वीच घेता येतो.