विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस : रोजगाराची एक वाट

सूत, रंग, कर्ज आणि बाजारभाव यांविषयी या पानावर नेहमीच लिहिले जाते. आज ज्या कामाची माहिती देत आहे त्याला लूम लागत नाही, गाळा लागत नाही आणि उधारीवर माल सोडावा लागत नाही. ऐकू न येणारी, बौद्धिक वाढ कमी असलेली, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी झालेली मुले ज्या वर्गात शिकतात, तेथे शिक्षकाच्या हाताखाली एक माणूस लागतो. मुंबईच्या शाळांत त्याला शॅडो टीचर म्हणतात, कोठे केअरगिव्हर, कोठे नुसते मदतनीस. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांत बारावी होऊन घरी कांड्या भरत बसलेल्या मुलींनी या कामाचा विचार जरूर करावा. मुलांनीही करावा, कारण मोठ्या मुलाला सांभाळायला पुरुषच लागतो.

या कामाची गरज वाढण्यामागे कायदा आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ऑक्टोबर २०२१मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे १ आणि माध्यमिक शाळेत १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरले. हे प्रमाण शिक्षकांचे आहे, मदतनिसांचे नाही. पण एका शिक्षकाने दहा अशी मुले एकट्याने सांभाळणे म्हणजे एका कारागिराने दहा प्रकारचे कापड एकाच वेळी विणणे होय. जास्तीचे हात लागतातच.

एक फरक मात्र नीट समजून घ्यावा. विशेष शिक्षक म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. १९९२च्या परिषद कायद्यात विनानोंदणी हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. मदतनीस शिक्षकाच्या देखरेखीखाली काम करतो. त्याने स्वतःला विशेष शिक्षक म्हणवून घेऊ नये आणि शाळेलाही म्हणू देऊ नये. पुढे जायचे असेल तर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. तिला बारावीत ५० टक्के गुण लागतात. प्रवेशाआधी संस्थेचे नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, आणि त्याच शिक्षणक्रमासाठी आहे की नाही, हे स्वतः पाहावे. माल न पाहता आपण सौदा करत नाही. येथे तर मुलीची दोन वर्षे गुंतायची असतात. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून श्रवण व वाचादोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे, आणि आपल्यापैकी कितीतरी जण तिच्यासमोरून रोज जातात.

माझ्या नात्यातील एक मुलगी दोन वर्षांपासून हे काम करते. तिचे वडील चार लूम मजुरीवर चालवतात. त्यांचा विरोध होता. लग्नाच्या वयाची मुलगी दुसऱ्याच्या पोराची लाळ पुसणार का, असे ते सर्वांसमोर म्हणाले. मुलीने ऐकून घेतले आणि कामावर गेली.

तिच्याकडे नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दिला गेला. वडील डाइंगमध्ये कामाला, घरात उर्दू, शाळा मराठी. शिक्षिका ‘बस खाली’ म्हणत आणि तो दाराबाहेरच्या बसकडे पाही. मुलीने ‘बैठो’ म्हटले तर बसला. दोन भाषा जाणणारा मदतनीस अशा वर्गात किती उपयोगी पडतो हे येथे दिसले. शाळेची घंटा झाली की तो कान दाबून ओरडे. तिने घंटेच्या वेळा लिहून काढल्या. दोन मिनिटे आधी ती त्याला घंटेचे चित्र दाखवी आणि मागच्या व्हरांड्यात नेई. मग हळूहळू दारापर्यंतच नेऊ लागली. तीन महिन्यांनी तो कानावर हात ठेवून जागेवरच बसू लागला.

शर्टाची बटणे लावायला तिने उलट्या क्रमाने शिकवले. सगळी बटणे तिने लावायची, शेवटचे अर्धे काजात घालून द्यायचे आणि त्याने फक्त ओढायचे. ते जमले की त्याच्या आधीचे. म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मुलाला मिळतो. आमच्या वेळचे उस्ताद शागिर्दाला वर्षभर झाडू मारायला लावत, त्यापेक्षा ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. मुलाचे काम आपणच भराभर उरकून टाकणे हा या धंद्यातील मोठा मोह असतो. चांगला मदतनीस रोज थोडा थोडा मागे सरकतो.

शाळेने मात्र तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. वर्गातील दुसऱ्या एका मुलाला फिट येत असे. ती आली तेव्हा कोणी चपला हुंगवायला धावले, कोणी तोंडात चमचा घालायला. दोन्ही चूक. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. कामाला लागणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारावे : कोणाला फिट येते, औषध कोणते, शौचाला नेण्याची व्यवस्था काय, मुलींसाठी बाई कोण. काही वावगे दिसले किंवा संशय आला तर गप्प राहता येत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणे २०१२च्या कायद्याने बंधनकारक आहे.

रोजची वही ठेवावी. काय घडले, त्याआधी काय झाले, नंतर काय केले. आपल्या रोजमेळासारखीच ही वही. महिन्याने उलगडली की मूल कशाने बिथरते ते कळते.

पगाराचे बोलणे मोकळेपणाने करावे. खासगी शाळेत शॅडो टीचरचा पगार बहुधा मुलाचे पालकच देतात. तेव्हा सुट्टीचे पैसे मिळणार का, मूल आजारी पडले तर काय, सोडताना किती दिवस आधी सांगायचे, हे कागदावर घ्यावे. ट्रेनिंगच्या नावाखाली महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणाऱ्यांपासून दूर राहावे.

या मुलीला आता पदविकेला जायचे आहे. वडिलांचे म्हणणे, दोन वर्षे पगार बंद आणि वर फी, हे चार लूमच्या मजुरीत बसत नाही. हिशेब त्यांचा चुकीचा नाही. फीचा निम्मा भाग मी देतो असे कळवले आहे. त्यांचा होकार अजून यायचा आहे.